गुडघ्यातले ‘वंगण’ आणि कूर्चेची परांची

‘गुडघ्यातले वंगण संपले आहे’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने घरात कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलेले असते. दिवसाचे पाच-सहा तास फळ्यापुढे उभे राहणाऱ्यांच्या शिक्षकखोलीत तर ते हमखास ऐकू येते. ते ऐकले की डोळ्यांसमोर सायकलचे कोरडे पडलेले बेअरिंग येते, आणि मग ओघानेच प्रश्न येतो: बाहेरून तेल घालता येणार नाही का? आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मागच्या वर्षी हाच प्रश्न विचारला. त्यांच्या हातात एक जाहिरात होती. एका इंजेक्शनात गुडघ्याची झिजलेली गादी पुन्हा वाढेल, असे तीत छापलेले होते. बाईंच्या निवृत्तीला चार वर्षे होती आणि शाळा दुसऱ्या मजल्यावर. प्रश्न गमतीचा नव्हता.

उत्तर शोधताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की वंगण संपलेले नसते. दुखऱ्या गुडघ्यात बहुधा पाणी साचते आणि तो सुजतो. म्हणजे द्रव कमी नसतो, उलट जास्तच असतो. तो पातळ झालेला असतो एवढेच. खरी हानी झालेली असते ती हाडांच्या टोकांवर बसवलेल्या गुळगुळीत आवरणाची. हे आवरण म्हणजे कूर्चा. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला कास्थी म्हणतात, आणि मटण खाणारे तिला कुरकुरीत हाड म्हणून ओळखतात. क्ष-किरणांच्या चित्रात ती दिसत नाही. मांडीचे आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये जी काळी फट दिसते, तिथे कूर्चा असते. डॉक्टर ‘गॅप कमी झाली’ म्हणतात ते यामुळे.

कूर्चा हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. मटणाच्या दुकानातून बोकडाच्या गुडघ्याचा ताजा सांधा आणावा. (शाळेत ते चालणार नसेल तर घरी पाहून वर्गात वर्णन करावे, हात आणि सुरी साबणाने धुण्यास विसरू नये.) सांधा उघडताच हाडाच्या टोकावर निळसर झाक असलेला, ओला, चकचकीत पांढरा थर दिसेल. त्यावरून बोट फिरवून पाहा. निरोगी सांध्यात कूर्चेवर कूर्चा घसरते तेव्हाचे घर्षण बर्फावर बर्फ घसरताना होते त्याहूनही कमी असते. आता ब्लेडने एक पातळ काप काढा, तराजूत वजन करा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. काप आक्रसेल, पिवळट अर्धपारदर्शक होईल आणि नखासारखा कडक बनेल. पुन्हा वजन करा. मूळ वजनातला निम्म्याहून बराच मोठा भाग, साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश, नाहीसा झालेला आढळेल. ते सगळे पाणी होते. जिना उतरताना शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार झेलणारा हा पदार्थ मुख्यतः पाण्याचा बनलेला आहे!

पाण्याने भार कसा पेलावा? कूर्चेत कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे घट्ट विणलेले जाळे असते. हे दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे ‘टाइप दोन’ कोलॅजेन. त्वचेत आणि हाडात असते ते ‘टाइप एक’. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे. जाळ्याच्या घरांत अ‍ॅग्रिकॅन नावाचे प्रचंड रेणू कोंबून बसवलेले असतात. त्यांचा आकार बाटली घासण्याच्या ब्रशसारखा असतो. मधला दांडा प्रथिनाचा आणि भोवतालचे केस शर्करांच्या साखळ्यांचे. या केसांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात, सोडियमचे धन आयन ओढून घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही येते. अ‍ॅग्रिकॅनला फुगायचे असते, कोलॅजेनचे जाळे त्याला फुगू देत नाही. गच्च कापूस भरलेल्या गादीची खोळ ताणलेली असते तशी कूर्चा आतून सतत ताणलेली असते. पाऊल टेकले की थोडे पाणी बाहेर ढकलले जाते, उचलले की परत शोषले जाते.

या पाण्याच्या ये-जा करण्यावरच कूर्चेतल्या पेशींचे पोट भरते, कारण तिथे दुसरी सोयच नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि चेतातंतूही नाहीत. पेशीही अगदी विरळ. माणसाच्या कूर्चेच्या आकारमानात त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. एकेक पेशी आपल्या खोलीत कोंडल्यासारखी असते. बोट कापले तर रक्त येते, गुठळी होते, गुठळीच्या जाळ्यातून दुरुस्ती करणाऱ्या पेशी सरकत येतात. कूर्चेला खाच पडली तर यांपैकी काहीच घडत नाही. रक्त नाही म्हणून गुठळी नाही, आणि शेजारच्या पेशींना आपली खोली सोडून येता येत नाही. चेतातंतू नसल्याने सुरुवातीला दुखतही नाही. दुखू लागते ते खालचे हाड किंवा सांध्याचे आतले अस्तर त्रासात येते तेव्हा, म्हणजे उशिरा. कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही, हे विल्यम हंटर या स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७४३ सालीच मांडले होते.

हंटरचे म्हणणे किती खरे होते, याचा पुरावा २०१६ साली एका अनपेक्षित ठिकाणाहून आला. १९५५ ते १९६३ या काळात उघड्या हवेत झालेल्या अणुबाँब चाचण्यांमुळे वातावरणातला किरणोत्सारी कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला, आणि चाचण्यांवर बंदी आल्यावर तो हळूहळू उतरत गेला. हा कार्बन वनस्पतींमार्फत अन्नात आणि अन्नातून आपल्या शरीरात येतो. म्हणून एखादे प्रथिन शरीरात कोणत्या वर्षांत तयार झाले, हे त्यातल्या कार्बन-१४ वरून सांगता येते. जणू त्यावर तारखेचा शिक्काच बसतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९३५ ते १९९७ या काळात जन्मलेल्या लोकांच्या गुडघ्यांतील कूर्चा तपासली. तिच्या कोलॅजेनवरची तारीख त्या त्या माणसाच्या वाढीच्या वयातली निघाली. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत नवे कोलॅजेन जवळजवळ बनलेच नव्हते. ज्यांचे गुडघे आधीच झिजलेले होते त्यांच्यातही नाही. शाळा संपते त्या सुमारास जे जाळे विणून झालेले असते, त्यावरच उरलेला जन्म काढायचा असतो. ज्या मुलांना आपण कबड्डीच्या मैदानावर उतरवतो, त्यांच्या बाबतीत हे ध्यानात असलेले बरे.

मग शल्यविशारदांनी काय केले? रक्त नाही ना, मग रक्त आणू, असा त्यांनी विचार केला. ब्रिस्टल येथील केनेथ प्रिडी यांनी १९५९ साली उघड्या पडलेल्या हाडाला भोके पाडण्याची पद्धत वर्णन केली. १९८० च्या दशकात अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी तीच कल्पना सुधारून अणकुचीदार हत्याराने बारीक छिद्रे पाडण्यास सुरुवात केली. छिद्रांतून अस्थिमज्जेचे रक्त वर येते, गुठळी होते, मज्जेतल्या मूलपेशी तिच्यात शिरतात आणि खड्डा भरून येतो. दुखणे कमी होते. पण भरून येते ती बरीचशी तंतुमय कूर्चा, ‘टाइप एक’ कोलॅजेनची, व्रणासारखी. अ‍ॅग्रिकॅन कमी, पाणी धरण्याची ताकद कमी. काही वर्षांत ठिगळ विरू लागते.

दुसरा मार्ग स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे निघाला. माट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच गुडघ्याच्या कमी भार असलेल्या जागेतून कूर्चेचा लहानसा तुकडा काढला, विकरांच्या मदतीने त्यातल्या पेशी मोकळ्या केल्या, दोन-तीन आठवडे प्रयोगशाळेत वाढवल्या आणि खड्ड्यात सोडून वर हाडावरच्या पातळ पडद्याचे झाकण शिवले. पहिली शस्त्रक्रिया १९८७ साली झाली आणि २३ रुग्णांचा अहवाल १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. मांडीच्या हाडाच्या टोकाला खड्डा असलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला, गुडघ्याच्या वाटीत खड्डा असलेल्या ७ पैकी मात्र दोघांनाच.

या पद्धतीत एक गोम होती, आणि आपल्या विषयाचे मूळ तिच्यातच आहे. सपाट काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत कूर्चापेशी वाढवल्या की त्या पसरतात, लांबोडक्या होतात आणि आपले काम विसरतात. ‘टाइप दोन’ऐवजी ‘टाइप एक’ कोलॅजेन बनवू लागतात. गुणसूत्रे तीच, जनुके तीच, पण पेशी कूर्चेची राहत नाही. बेन्या आणि शॅफर या अमेरिकी संशोधकांनी १९८२ साली अशा बिघडलेल्या पेशी अ‍ॅगारोजच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या अगारपासून मिळणाऱ्या पदार्थाच्या, जेलीत ठेवल्या. जेलीत पसरायला आधार नसतो. पेशी पुन्हा गोल झाल्या आणि पुन्हा ‘टाइप दोन’ कोलॅजेन बनवू लागल्या! पेशीने काय बनायचे, हे तिच्या भोवतालचा पदार्थ सांगतो. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वात सुंदर प्रयोग हाच.

भोवतालचा पदार्थ म्हणजेच परांची

इंग्रजीत ज्याला स्कॅफोल्ड म्हणतात त्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे: परांची. इमारतीला रंग देताना बांबूंची बांधतात ती. पण इथे उपमा जुळते ती स्लॅब टाकताना खाली ठोकलेल्या सेंटरिंगशी. काँक्रीट घट्ट होईपर्यंत सेंटरिंगने भार घ्यायचा, मग निघून जायचे. लवकर काढले तर स्लॅब कोसळतो. शरीरातली परांची काढायला कुणी येणार नसते, म्हणून ती योग्य वेळाने आपोआप विरघळेल अशा पदार्थाची करावी लागते. तिला भोके हवीत, म्हणजे पेशी आत शिरतील; आणि सांध्यातला भार सोसण्याइतकी ती चिवट हवी.

अशा परांचीचे एक छायाचित्र जगभर गाजले. उंदराच्या पाठीवर माणसाचा कान! चार्ल्स व्हॅकान्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरघळणाऱ्या बहुवारिकाची लहान मुलाच्या कानाच्या आकाराची परांची करून तिच्यात वासराच्या कूर्चापेशी पेरल्या आणि ती उंदराच्या कातडीखाली ठेवली; हे काम १९९७ साली प्रसिद्ध झाले. अनेकांना वाटले की उंदरात माणसाचे जनुक घातले. तसे काहीच नव्हते. कान माणसाचा नव्हता, आकार तेवढा माणसाच्या कानाचा होता. शिवाय कानावर कुणी उभे राहत नाही. परांचीने आकार दिला. गुडघ्यासाठी त्याहून अधिक हवे होते.

ते अधिक म्हणजे संदेश. जी परांची नुसती जागा अडवून न बसता पेशींना बोलावते आणि काय बांधायचे ते सांगते, तिला जैवसक्रिय परांची म्हणतात. शरीरात हे सांगण्याचे काम वृद्धिघटक नावाची प्रथिने करतात. कूर्चेच्या बाबतीत टीजीएफ-बीटा या कुटुंबातली प्रथिने महत्त्वाची. मग तेच प्रथिन सुईने सांध्यात का सोडू नये? सोडून पाहिले आहे. ते लवकर वाहून जाते, आणि जास्त सोडले तर उंदरांच्या सांध्यात नको तिथे हाडाची टोके वाढतात. संदेश योग्य जागी, थोडा थोडा आणि बरेच दिवस मिळाला पाहिजे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जेरेमी माओ यांच्या गटाने २०१० साली सशांच्या खांद्यातील हाडाच्या टोकाचा पृष्ठभागच काढून तिथे त्याच आकाराची परांची बसवली. बाहेरच्या पेशी मुळीच घातल्या नाहीत. काही परांच्यांत टीजीएफ-बीटा-३ होते, काहींत नव्हते. चार महिन्यांनी प्रथिन असलेल्या परांचीवर कूर्चेचा सलग थर चढला होता. नुसत्या परांचीवर इथे-तिथे तुटक तुकडे. सशाच्या स्वतःच्या पेशी हाक ऐकून आल्या होत्या.

त्याच वर्षी शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील सॅम्युएल स्टुप यांच्या गटाने आणखी चतुर युक्ती केली. साबणाचा रेणू आपण शिकवतो: एक टोक पाण्याकडे धावणारे, दुसरे पाण्याला टाळणारे. स्टुप यांनी तसेच रेणू बनवले, पण पाण्याकडच्या टोकाला अमिनो आम्लांची छोटी साखळी, म्हणजे पेप्टाइड जोडले. पाण्यात हे रेणू आपणहून एकत्र येऊन अतिसूक्ष्म तंतू तयार करतात आणि तंतूंच्या पृष्ठभागावर पेप्टाइडांची रांग लागते. पेप्टाइड असे निवडले होते की ते टीजीएफ-बीटाला धरून ठेवते. सशांच्या गुडघ्यात हाडाला छिद्रे पाडून हा पदार्थ भरला, तेव्हा बाहेरून वृद्धिघटक न देताही चांगली कूर्चा भरून आली. सांध्यात होते तेच प्रथिन तंतूंनी पकडून कामाला लावले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये याच गटाने मेंढ्यांवरील काम प्रसिद्ध केले. या वेळी पेप्टाइडाच्या जोडीला हायलुरोनिक आम्लाचे बदललेले रूप होते. हायलुरोनिक आम्ल हा सांध्यातल्या द्रवाचाच घटक आहे. ‘वंगणाचे इंजेक्शन’ म्हणून आज जे देतात त्यात तेच असते, पण त्या इंजेक्शनाने कूर्चा वाढत नाही. स्टुप यांच्या मिश्रणात ते पेप्टाइडांसह तंतूंच्या जुड्या बनवते. लगद्यासारखा हा पदार्थ मेंढीच्या मागच्या पायाच्या गुडघ्यातल्या खड्ड्यांत भरला. तिथे तो रबरासारखा झाला आणि परांची विरत गेली तशी जागा नव्या कूर्चेने घेतली. सहा महिन्यांनी तिच्यात ‘टाइप दोन’ कोलॅजेन आणि अ‍ॅग्रिकॅनसारखे रेणू, दोन्ही सापडले.

संदेश रासायनिकच असावा असेही नाही. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना कनेक्टिकट विद्यापीठातील थान न्गुयेन यांच्या गटाचे २०२२ चे काम आवडेल. गॅस पेटवण्याच्या लायटरमध्ये स्फटिकावर दाब पडला की विद्युतदाब निर्माण होतो. दह्यात असते त्या लॅक्टिक आम्लाचे रेणू जोडून केलेले, विरघळणाऱ्या टाक्यांत वापरले जाणारे एक बहुवारिक विशिष्ट रीतीने तंतुरूपात ताणले तर तेही असेच वागते. त्याची परांची सशांच्या गुडघ्यात बसवून त्यांना महिनाभर विश्रांती दिली आणि मग रोज २० मिनिटे हळू फिरणाऱ्या पट्ट्यावर चालवले. प्रत्येक उडीबरोबर पेशींना सूक्ष्म विद्युतसंदेश मिळत गेला आणि कूर्चा भरली. वीज न देणारी परांची बसवून व्यायाम करवलेल्या सशांत खड्डा तसाच राहिला. वीज देणारी परांची असूनही पट्ट्यावर न चालवलेल्या सशांतही तसाच. विद्यार्थ्यांना नियंत्रित प्रयोग म्हणजे काय ते समजावायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

ससा, मेंढी आणि बाई

आता बाईंच्या जाहिरातीकडे वळू. सशाच्या गुडघ्यातली कूर्चा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ; माणसाची दोन ते चार मिलिमीटर. सशाच्या लहान जखमा आपणहूनही बऱ्याच भरतात. मेंढी माणसाला अधिक जवळची, पण तिचा खड्डा शल्यविशारदाने निरोगी कूर्चेत नीट गोल कोरलेला असतो. प्रयोगशाळेत करायचे तर दुसरा मार्ग नाही, हे मान्य. पण साठीच्या गुडघ्यात खड्डा नसतो. सबंध पृष्ठभाग विरळ झालेला असतो, हाड बदललेले असते, अस्तर सुजलेले असते आणि त्या सुजेतून कूर्चा खाणारी विकरे पाझरत असतात. खड्डा बुजवणे वेगळे आणि खचलेला रस्ता बांधणे वेगळे. नव्या-जुन्या कूर्चेचा सांधाही नीट जुळत नाही, कारण कापलेल्या कडेवरच्या पेशी मरतात आणि दोन्हीकडची कोलॅजेनची जाळी एकमेकांत विणली जात नाहीत.

तरीही हे सगळे प्रयोगशाळेतच अडकलेले आहे असे नाही. डुकराच्या कोलॅजेनच्या पातळ पडद्यावर रुग्णाच्याच पेशी वाढवून तो पडदा खड्ड्यात बसवण्याच्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये परवानगी मिळाली. भारतातही रुग्णाच्या कूर्चापेशी वाढवून वापरण्याच्या एका उपचाराला २०१७ साली परवानगी मिळाली, आणि तो विकसित करणारी कंपनी मुंबईची आहे. २०२२ मध्ये अमेरिकेने पेशी न घालता वापरायच्या, प्रवाळापासून केलेल्या एका परांचीला मान्यता दिली. प्रवाळाचा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि मुळातच सच्छिद्र. तिच्या चाचणीत २५१ रुग्ण होते आणि सौम्य ते मध्यम झीज असलेलेही त्यांत घेतले होते, हे विशेष. पण हे सर्व उपचार शस्त्रक्रियेचे आहेत, ठरावीक जागच्या हानीसाठी आहेत, आणि कोणताही एका इंजेक्शनाचा नाही.

बाईंना आम्ही हेच सांगितले. त्यांचे क्ष-किरण चित्र पाहिलेल्या अस्थितज्ज्ञांना त्यांनी दोन प्रश्न विचारावेत असे ठरले: माझी हानी एका जागची आहे की पसरलेली? आणि या जाहिरातीतल्या उपचाराची माणसांवरची चाचणी कुठे प्रसिद्ध झाली आहे? पहिल्याचे उत्तर ‘पसरलेली’ असे आले. दुसऱ्यावर डॉक्टर हसले. त्यांनी मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम लिहून दिले आणि वजन उतरवायला सांगितले. शरीराचे एक किलो वजन उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे २००५ साली गुडघेदुखी असलेल्या १४२ वयस्क व्यक्तींच्या मापनातून दिसले आहे. बाईंचे वजन आतापर्यंत तीन किलो उतरले आहे, आणि मुख्याध्यापकांनी त्यांचा वर्ग तळमजल्यावर आणला आहे.